लंकामावशीचा खोकला

लंकाबाई हे नाव आपल्याला कुणी आणि का ठेवलं, हे तिला कधी कळलं नाही. "रावणाची का हो लंका?" असं कुणी चेष्टेनं विचारलंच, तर ती पदर खोचत म्हणायची, "व्हय, पन जळाली न्हाई अजून." एवढं बोलून पुढच्या कामाला लागायची. तिची चेष्टा करायची तर तिच्या मागंमागं चालत करावी लागे, कारण ती एका जागी उभी म्हणून राहत नसे.

ती मूळची पिंपरी पेंढारची. लग्न करून दिलं, काही वर्षं नांदली, आणि मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी एका सकाळी तिला माहेरी आणून सोडलं. भाऊ सोपान भला माणूस. त्यानं दार लावून घेतलं नाही. पण भावाच्या घरात जन्म काढायचा म्हणजे बहिणीला रोज थोडं थोडं अंग चोरून घ्यावं लागतं. म्हणून कुणीतरी सुचवल्यावर ती कळंबजवळच्या एका शिशुगृहात मुलं सांभाळायला आली. हायवे सोडून आत वळलं की फ्लॉवरच्या वावरांमध्ये ती पिवळी इमारत दिसते. कुणी टाकून दिलेली, कुणी रडत आणून सोडलेली तान्ही मुलं तिथं यायची आणि दत्तक जाईपर्यंत राहायची. ज्या बाईला मूल नाही म्हणून घालवून दिलं, तिच्या मांडीवर पुढं किती मुलं झोपली याची मोजदादच राहिली नाही. नशिबाला असले विनोद बरे सुचतात.

संस्थेत सगळ्यांनी पाळायचा एक नियम होता. जीव लावा, पण लळा लावू नका. वृषाली मॅडम, तिथल्या अधीक्षिका, नव्या मावशीला पहिल्याच दिवशी हे बजावत. मूल आज ना उद्या जाणार, मग ते रडतं, तुम्ही रडता आणि दोघंही जेवत नाहीत. म्हणून मावश्यांच्या खोल्या बदलत ठेवायच्या. जीव लावणं कुठं संपतं आणि लळा कुठं सुरू होतो, हे मॅडमना तरी ठाऊक होतं की नाही देव जाणे. पण लंकाबाईनं हा नियम वर्षानुवर्षं पाळला. पोरं जायची, ती फाटकात उभी राहून हात हलवायची आणि आत येऊन दुपट्यांना साबण लावायची.

मग हर्षाली आली.

हर्षाली आली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता आणि टाळूलाही भोक होतं. तिला दूध ओढता येईना. बाटली लावली की दूध नाकातून बाहेर. दुसऱ्या मावश्या घाबरायच्या, पोरगी हातात गुदमरली तर काय घ्या. लंकाबाई तिला उभी धरून, तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ घेऊन, चमच्यानं थेंब थेंब पाजायची. एक वाटी दूध संपायला सकाळची दुपार व्हायची. ज्या बाईला एका जागी बसणं माहीत नव्हतं ती या पोरीसाठी बसायला शिकली.

पुढं पुण्यात ऑपरेशनं झाली. ओठ शिवला, टाळू शिवली. ओठावर खूण राहिली आणि बोलणं जरा नाकातलं झालं. "मावशी" म्हणायला जायची आणि तोंडातून "माशी" निघायचं. लंकाबाई म्हणायची, "हाये बाई मी माशी. तुज्याभवतीच घोंगावती." खोली बदलली तरी पोरगी हिच्याच मागं. मॅडमनी दोनदा बोलून पाहिलं, मग डोळेझाक केली.

दोघींचा एक खेळ होता. संस्थेच्या मागच्या अंगणात गोधड्या आणि दुपटी वाळत घातलेली असत. लंकाबाई त्यांच्यामागं लपायची आणि हर्षालीनं शोधायचं. गेल्या दिवाळीनंतर या खेळाला एक नवीन नियम आला. त्याचं असं झालं, की दिवाळीत लंकाबाई चार दिवस पिंपरी पेंढारला गेली होती. सोपाननं कांदा विकायला काढला होता. बराखीतला, म्हणजे उन्हाळ्यात साठवून ठेवलेला कांदा निवडायचा, सडका काढायचा, टरफलं झटकायची. त्या धुळीनं तिला खोकला धरला. खोकला तिच्याबरोबर कळंबला आला आणि मुक्कामालाच राहिला. गोधडीमागं ती लपली की हमखास ठसका यायचा आणि पोरगी नेमकी तिथं. मग हर्षालीनं त्याचाच नियम केला. ती अंगणाच्या मधोमध उभी राहून कोरडं कोरडं खोकायची, "खो-खो." म्हणजे, माशी, कुठं आहेस? आणि गोधडीमागून उत्तर यायचं. ते मात्र खोटं नसायचं.

मुलांच्या खोलीत खोकणाऱ्या माणसानं राहायचं नाही, हाही एक नियम होता. करोनाच्या वेळेपासून तो फारच कडक झाला होता. लंकाबाईला तो पाठ होता. पण तिला वाटायचं, आपला खोकला कांद्याचा आहे. धुळीचा खोकला काय कुणाला जातो? ती गालात लवंग धरायची, मॅडम समोरून आल्या की श्वास धरायची आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की पदरात खोकून घ्यायची. वजन उतरलं तेव्हा म्हणाली, वय झालं. संध्याकाळी अंग मोडून यायचं तेव्हा म्हणाली, काम झालं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा हुशार वकील नाही. आणि खरं सांगायचं तर तिला एकच भीती होती. खोकला म्हणून सांगितलं, तर पोरीपासून उठवतील.

त्याच सुमारास हर्षालीचं भाग्य उघडलं. देशातली जोडपी येत, फोटो बघत, ओठावरच्या खुणेपाशी थांबत आणि दुसरं मूल विचारत. पण इटलीतल्या एका जोडप्यानं तिचा फोटो पाहून होकार कळवला. बाईचं नाव एलेना. तिनं विचारलं म्हणे, की हिला खायला काय आवडतं. खुणेबद्दल विचारलंच नाही. लंकाबाईनं हे ऐकलं तेव्हाच तिला ती बाई पसंत पडली.

मग मोबाइलवर एकमेकांना बघणं सुरू झालं. एलेना पडद्यावर यायची, हात हलवायची आणि म्हणायची, "चाव!" त्यांच्याकडं रामराम घालायला असंच म्हणतात, हे मॅडमनी नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी मात्र हर्षालीनं एकदा फोनकडं पाहिलं, एकदा लंकाबाईकडं पाहिलं आणि आई म्हणते तर चावावं, म्हणून फोनच्या कडेला दात लावले. पलीकडं ती बाई आणि तिचा नवरा पोट धरून हसले. लंकाबाईही हसली आणि हसता हसता तिला असा खोकला आला, की ती उठून बाहेर गेली.

परदेशात मूल पाठवायचं म्हणजे त्याच्या अंगात कुठला रोग लपून चाललेला नाही ना, हे आधी बघतात. कावीळ बघतात, एचआयव्ही बघतात, पोटातले जंत बघतात, टीबी बघतात. बघायलाच हवं. त्यात तिकडच्यांचं काही चुकत नाही आणि मुलाचंही भलंच असतं. माघ संपता संपता मंचरचे डॉक्टर निघोट त्यासाठी संस्थेत आले. पोरीला मांडीवर घट्ट धरून बसायचं काम अर्थातच लंकाबाईचं. रक्त काढताना हर्षाली रडली. शेवटची सुई मात्र निराळी होती. डॉक्टरांनी ती हाताच्या आतल्या बाजूला, कातडीत आडवी घातली आणि तिथं मसुरीएवढा फुगा आला.

"हिला खाजवू देऊ नका, चोळू नका, काही लावू नका," डॉक्टर म्हणाले. "परवा येऊन बघतो."

लंकाबाईनं डोळ्यांत तेल घालून तो हात राखला. दुसऱ्या दिवशी तिथं लाल झालं. तिसऱ्या दिवशी चांगली टणक गाठ आली. लंकाबाई हरखली. तिच्या लहानपणी लस टोचली की सगळ्या आया एकमेकींच्या पोरांचे दंड बघत. ज्याचं टोचलेलं उठलं त्याला लस लागू पडली आणि ज्याचं उठलं नाही त्याची वाया गेली. तिला वाटलं, ही इटलीची लस. बघा कशी झकास उठली. डॉक्टर गाडीतून उतरायच्या आत ती पोरीला कडेवर घेऊन पुढं झाली आणि हात उघडा करून म्हणाली, "डॉक्टर, बघा तरी. लई चांगलं उठलंय."

डॉक्टर निघोटांनी गाठ बोटांनी चाचपली. खिशातून पट्टी काढून मोजली. पुन्हा मोजली. त्यांचा चेहरा पाहून लंकाबाईनं पोरीची बाही हळूच खाली ओढली, जणू हात झाकला तर झालेलं परत जाईल.

मॅडमच्या खोलीत सगळे बसले. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. मुलगी आजारी नाही. फोटो काढू, पण मला छाती साफ वाटते. मात्र टीबीची लागण झालेली आहे."

लागण हा शब्द लंकाबाईला चांगला माहीत होता. संस्थेत येण्याआधी तिनं कितीतरी वर्षं कांद्याची लागण केली होती. वाफ्यात पाणी सोडायचं, चिखलात बोटानं रोप दाबायचं आणि पुढं सरकायचं.

"म्हंजी हिच्यात लावलंय कुणी?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तसंच म्हणा."

"मंग आता उगवंल का?"

"उगवू नये म्हणूनच औषध द्यायचं. काही महिने रोज गोळी घेतली की झालं." मग ते मॅडमकडं वळले. "पण हिला हे आलं कुठून ते शोधावं लागेल. लहान मुलं एकमेकांना हे सहसा देत नाहीत. हिच्या अगदी जवळ राहणारं कुणीतरी मोठं माणूस आहे. रोज जवळ घेणारं. इथं कुणाला बरेच दिवस खोकला आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "छे. खोकला असला तर आम्ही आत येऊच देत नाही."

लंकाबाई दारापाशी उभी होती. तिच्या छातीत खोकला वर आला होता आणि तिनं तो गिळून धरला होता. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं तापली. मॅडमना वाटलं पोरीच्या काळजीनं रडते आहे. त्या म्हणाल्या, "अहो, बरी होईल ती." त्या शब्दांसरशी लंकाबाईला धरवेना. ती तोंडाला पदर लावून खोकली. एकदा सुरू झाला तो खोकला थांबेचना. भिंतीला हात टेकून ती खोकत राहिली. तिच्या पायाशी उभ्या असलेल्या हर्षालीला वाटलं खेळ सुरू झाला. तिनंही वर बघून "खो-खो" केलं आणि हसली.

त्या क्षणी लंकाबाईला सगळं कळलं. दूध पाजल्यापासून लागलेली तोंडाशी तोंड नेऊन बोलायची सवय, दुपारी कुशीत घेऊन झोपवणं, गरम भातावर फुंकर घालून भरवलेले घास. जे जे तिनं प्रेमानं केलं, त्याच वाटेनं तिनं पोरीला हे दिलं होतं. हे कळण्यापरीस मरण बरं, असं तिला वाटलं आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मावश्यांना सरकारी दवाखान्यात फोटो काढायला नेलं. थुंकी तपासली. बाकी साऱ्या जणी निरोगी निघाल्या. लंकाबाईच्याच थुंकीत टीबी निघाला. तिला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. दवाखान्यातला माणूस म्हणाला, "मावशी, सहा महिने गोळ्या. मधी सोडायच्या न्हाईत. बऱ्या व्हाल." त्यानं जीपच्या मागच्या बाजूला बसून, तोंडाला मास्क लावून जायला सांगितलं. संस्थेची जीप चालवणारा कासमभाई जुन्नरचा. त्यानं मागच्या काचा उघडल्या आणि तिला थेट पिंपरी पेंढारला नेऊन सोडलं. कपड्यांचं गाठोडं आधीच गाडीत ठेवलेलं होतं. पोरीला एकदा लांबून बघू द्या, असं ती म्हणाली असती, पण गाडी संस्थेकडं वळलीच नाही.

सोपानच्या घरी तिला पडवीत खाट मिळाली. तिचं ताट-तांब्या वेगळं झालं. भावजय चिमाबाई वाईट बाई नव्हती, पण घरात नातवंडं होती. ती लांबूनच म्हणायची, "वन्सं, चा ठिवलाय." आणि ठेवून मागं सरायची. लंकाबाई चहा घ्यायची. तिला यात काही चुकीचं वाटेना. तिनंसुद्धा असंच लांब राहायला हवं होतं. कुणीतरी दिवाळीतच तिला असं खाटेवर बसवून लांबून चहा द्यायला हवा होता.

सरकारी दवाखान्याची आशाताई गोळ्या घेऊन यायची. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, मळमळायचं, तोंडाची चव गेली. लंकाबाईनं एकही गोळी चुकवली नाही. शिक्षा म्हणून घेतल्या तरी औषधं गुण देतातच. काही आठवड्यांत खोकला उतरू लागला. पुढं तर अजिबात गेला. घशात हात घालून काढावा तरी सापडू नये असा गेला. चिमाबाई चहा हातात द्यायला लागली.

कासमभाई आळेफाट्याकडं कामाला आला की फोन करायचा. त्याच्याकडून तिला सारं कळायचं. हर्षालीचा फोटो साफ आला. रोजची गोळी सुरू झाली, पण ती कुणाच्या हातून घेईना. थुंकून टाकायची. मग गुळात घालून देऊ लागले. सगळी माहिती इटलीला कळवली. ते लोक आता काय म्हणतात, याच्यावर सगळं अडलं होतं. कधी कधी असं कळलं की माणसं मागं सरतात, असं मॅडम कुणाशी तरी बोलताना त्यानं ऐकलं होतं.

लंकाबाईच्या मनात आलं, त्या पोरीला कुणी न्यावं म्हणून चार वर्षं वाट बघितली. ओठावरची खूण त्या बाईच्या आड आली नाही, आणि आता आपला खोकला आड येणार. ती फोनमध्ये म्हणाली, "कासमभाई, मॅडमला सांगा, समदा दोष माजा व्हता म्हनून कळवा. पोरीचा काय न्हाई. मला पोलिसात द्या म्हनावं."

"अहो ताई, हे दोषाचं न्हाई व्हो," कासमभाई म्हणाला. "मॅडमबी तेच म्हनत्यात."

"आनि ती? काय करती?"

कासमभाई म्हणाला, "मागच्या अंगनात फिरती. वाळत घातलेल्या गोदड्या उचलून उचलून बगती. बायकांनी सांगितलं, मावशी गावाला गेली. ती म्हनती, न्हाई, माशी लपलीय."

लंकाबाई फोन घेऊन पडवीत बसून राहिली. समोर सोपाननं वांग्याची रोपं लावली होती. तिला ती बघवेनात.

ते लोक मागं सरले नाहीत. एलेनानं कळवलं, औषध पुरं होऊ द्या, आम्ही थांबतो. लंकाबाईनं हे ऐकलं आणि वेशीपर्यंत चालत जाऊन मारुतीला नारळ फोडला. पण त्या निरोपाच्या शेपटीला आणखी एक गोष्ट होती. ज्या व्यक्तीकडून लागण झाली तिचा मुलीशी पुन्हा संबंध येऊ देऊ नये. डॉक्टर निघोटांनी मॅडमना सांगितलं, की आता लंकाबाईंपासून कुणाला धोका नाही, भेटू द्यायला हरकत नाही. मॅडम म्हणाल्या, मला कळतं डॉक्टर, पण मी तिकडं शब्द दिलाय, आणि आता ऐन वेळी मला काही बिघडवायचं नाही. कुणाचंच चुकत नव्हतं. या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच होती, की ज्याची मान धरावी असं त्यात कुणी नव्हतं. लंकाबाई सोडून.

गौरी-गणपती झाले आणि एलेना नवऱ्याला घेऊन हर्षालीला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी खुद्द मॅडमचा फोन आला. त्या नेहमीसारख्या भरभर बोलल्या नाहीत.

"लंकाबाई, उद्या अकराच्या सुमाराला आम्ही निघतोय. फाटकासमोर चहाची टपरी आहे ना, तिथं तुम्ही उभ्या राहू शकता. मास्क लावून. पण रस्ता ओलांडायचा नाही आणि हाक मारायची नाही. तिनं ओळखलं तर ती तुमच्याकडं धावेल, आणि मग मला त्या लोकांना ते समजावता येणार नाही. जमेल का तुम्हाला?"

"जमंल," लंकाबाई म्हणाली. तिला काहीही जमलं असतं.

सकाळच्या एसटीनं ती कळंबला उतरली आणि आत चालत आली. टपरीवाल्यानं बाक दिला, पण ती बसली नाही. निळा मास्क डोळ्यांपर्यंत ओढून, पदर कपाळावर घेऊन उभी राहिली. फाटकात जीप लागली होती. कासमभाईनं तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

हर्षाली बाहेर आली. पिवळा फ्रॉक, पांढरे बूट. केस बारीक कापले होते, ते लंकाबाईला आवडलं नाही. उंची वाढली होती. एका हातानं तिनं एलेनाचं बोट धरलं होतं, दुसऱ्या हातात कापडी कुत्रा होता. ती बाई मोबाइलमध्ये दिसायची त्याहून थकलेली आणि त्याहून चांगली होती. पोरीच्या चालीनं चालत होती, ओढत नव्हती. लंकाबाईनं ते नीट बघून घेतलं.

बाकीच्या मावश्यांनी पोरीला ओवाळलं. कुणी हातावर दही घातलं. हर्षाली सगळ्यांना "चाव, चाव" करत होती. मग ती जीपच्या पायरीपाशी थांबली आणि मागं वळून तिनं सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. इमारतीकडं पाहिलं, मागच्या अंगणाच्या बोळाकडं पाहिलं. रस्त्यापलीकडंही पाहिलं. तिची नजर टपरीवरच्या मास्कवाल्या बाईवरून आली तशी पुढं गेली.

मग तिनं मान वर केली आणि कोरडं कोरडं खोकली. "खो-खो."

एलेना एकदम खाली वाकली. तिचा हात पोरीच्या कपाळावर गेला, मग मानेवर. नवरा काहीतरी विचारू लागला. वृषाली मॅडमचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांच्या गोळ्या, इतके कागद, विमानाची तिकिटं, आणि ऐन दारात पोरगी खोकली. मॅडमची नजर नकळत रस्त्यापलीकडं गेली.

लंकाबाईनं मान हलवली. नाही, काही नाही. मग तिनं दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले आणि काढले. लपाछपीत राज्य घेणारं पोर ठेवतं तसे. मॅडम बघत राहिल्या. त्यांना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांनी झटकन तोंड फिरवलं. एलेनाच्या खांद्यावर हात ठेवून त्या तिच्याशी इंग्रजीत बोलल्या. एलेनाच्या चेहऱ्यावरची भीती उतरली, ती हसली. तिनं पोरीचा पापा घेतला.

हर्षाली हसली नाही. ती उत्तराची वाट बघत होती. तिनं पुन्हा केलं, जरा मोठ्यानं, "खो-खो."

एक खोकला पुरे होता. पोरगी बूट वाजवत रस्ता ओलांडून आली असती. ज्या बाईनं कितीतरी दिवस खरा खोकला चोरून ठेवला, तिला आता एक खोटा खोकला काढायची चोरी होती. तिनं मास्कवरून तोंड दाबून धरलं. टपरीवाला म्हणाला, "मावशी, पानी देऊ का?" तिनं नको म्हणून हात केला.

एलेनानं पोरीला उचलून आत बसवलं. कासमभाईनं दार लावलं. जीप हायवेकडं वळेपर्यंत लंकाबाई उभी होती आणि ती दिसेनाशी झाल्यावरही ती उभीच होती. पोरीला चमच्यानं दूध पाजायची, त्यानंतर एका जागी एवढा वेळ ती आजच थांबली असेल.

संध्याकाळी कासमभाईचा फोन आला. पोचवलं म्हणाला, दिल्लीचं विमान वेळेवर गेलं. रस्त्यात पोरगी रडली नाही, उलटी केली नाही. चाकणपर्यंत खिडकीतून मागं बघत होती.

"काय म्हनाली का?"

"म्हनाली ना." कासमभाई म्हणाला. "म्हनाली, माशी लई भारी लपली आज. खोकलीसुदा न्हाई."